मोबाइलचा जी-मीटर किती खरा? ट्रॅकवरच्या व्हिडिओतले आकडे तपासून घेण्याची रीत

ट्रॅक डेचा, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाचा, व्हिडिओ आता सगळेच टाकतात. वरच्या कोपऱ्यात लॅप टाइम, खाली वेग आणि एका गोल चकतीत इकडेतिकडे पळणारा ठिपका, म्हणजे जी-फोर्स: गाडीचा प्रवेग, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत. रेसक्रोनो, हॅरीज लॅपटायमर, ट्रॅकॲडिक्ट यांसारख्या ॲप्समुळे हे सगळं खिशातल्या फोनवर होतं. मग कुणीतरी शोरूममधून आलेल्या टायरवर "१.४ जी काढले" असं लिहितो, दुसरा म्हणतो अशक्य, आणि वाद सुरू होतो.

दुसऱ्याचंच बरोबर असण्याची शक्यता जास्त. पण म्हणून फोनचा सेन्सर टाकाऊ ठरत नाही. आजच्या कुठल्याही बऱ्या फोनमधला ॲक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारा सेन्सर) या कामाला पुरेसा आहे. आकडा बिघडतो तो सेन्सरच्या बाहेर: गुरुत्वाकर्षण वेगळं काढताना, फोन गाडीत बसवताना, डेटा गाळताना आणि शेवटी तो व्हिडिओशी जुळवताना. या प्रत्येक ठिकाणी काय तपासायचं आणि कसं, ते पुढे क्रमाने देतो. खर्च जवळपास नाही. एक निवांत संध्याकाळ आणि ट्रॅकवरचा थोडा वेळ लागेल.

आधीच एक सांगतो. यातली गाडी चालवून करायची प्रत्येक चाचणी ट्रॅकवर किंवा परवानगी घेतलेल्या बंदिस्त मैदानावर करायची. ताम्हिणी, वरंधा किंवा लवासाचा रस्ता त्यासाठी नाही. समोरून एसटी येते, वळणापलीकडे गुरं असतात, आणि ओव्हरलेवरचा, म्हणजे व्हिडिओवर चढवलेला, एकही आकडा त्या जोखमीच्या लायकीचा नसतो.

सेन्सर नक्की काय मोजतो

ॲक्सेलरोमीटर म्हणजे सिलिकॉनच्या चिपमध्ये कोरलेलं एक अतिसूक्ष्म वजन आणि त्याला धरून ठेवणाऱ्या तितक्याच बारीक स्प्रिंगा. फोनला धक्का बसला की वजन किंचित सरकतं, शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारिता बदलते आणि तो बदल मोजला जातो. असे तीन अक्ष असतात: स्क्रीनच्या आडवा, उभा आणि स्क्रीनमधून आरपार.

आता महत्त्वाची गोष्ट. टेबलावर स्वस्थ पडलेला फोन शून्य दाखवत नाही, १ जी दाखवतो, कारण टेबल त्याला खालून रेटत असतं. गाडी चालताना सेन्सरला हा १ जी आणि गाडीचा स्वतःचा प्रवेग एकत्रच जाणवतात. त्यातला कुठला कोणाचा, हे सेन्सर सांगू शकत नाही. ते ॲपला ठरवावं लागतं. फोन गाडीच्या सापेक्ष फक्त १ अंश तिरका बसला तरी गुरुत्वाकर्षणाचा ०.०१७ जी एवढा तुकडा आडव्या अक्षात घुसतो. पाच अंशाला तो ०.०८७ होतो. व्हिडिओतल्या चुकांचा मोठा वाटा इथूनच येतो.

पायरी १: ॲप आकडा कुठून आणतं ते ओळखा

ओव्हरलेवरचा ठिपका तीन प्रकारे हलू शकतो. एक, सेन्सरच्या कच्च्या आकड्यातून सुरुवातीचं गुरुत्वाकर्षण वजा करून. दोन, ॲक्सेलरोमीटर आणि जायरो (फिरण्याचा दर मोजणारा सेन्सर) एकत्र करून फोनच्या सॉफ्टवेअरने काढलेल्या "शुद्ध" प्रवेगातून. ॲन्ड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत तो ॲपला तयार मिळतो. तीन, सेन्सर बाजूला ठेवून निव्वळ जीपीएसच्या वेगावरून आणि दिशेवरून. बरीच ॲप्स हे स्रोत बदलू देतात, पण सेटिंगमधली भाषा स्पष्ट असतेच असं नाही. म्हणून हाताने तपासा.

गाडी उभी असताना ॲप कॅलिब्रेट करा, म्हणजे शून्य कुठे ते त्याला दाखवा, आणि जी-मीटर उघडा ठेवा. फोन हळूहळू वीस-पंचवीस अंश तिरका करून तसाच धरा. ठिपका सरकला आणि तिथेच राहिला तर ॲप कच्चा आकडा वापरतंय. ठिपका मध्याच्या आसपासच राहिला तर फोन हातात घेऊन झटकन आडवा हलवा. तेव्हा तो उडाला तर जायरोसह काढलेला प्रवेग वापरात आहे. तरीही ढिम्म राहिला तर आकडा जीपीएसवरून येतोय.

हे माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण पहिल्या दोन पद्धती वेगवेगळ्या जागी चुकतात आणि त्यांच्या चुका उलट दिशेच्या असतात. त्याकडे पायरी ४ मध्ये येतो.

पायरी २: टेबलावरची सहा बाजूंची चाचणी

यासाठी फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात ते शिकवण्यासाठी तयार झालं आहे आणि सेन्सरचे कच्चे आकडे सरळ दाखवतं. त्यातला गुरुत्वाकर्षणासहित प्रवेगाचा प्रयोग उघडा. बिनगुरुत्वाचाही एक प्रयोग आहे, तो इथे उपयोगाचा नाही.

फोन स्क्रीन वर करून टेबलावर ठेवा. मागचा कॅमेरा उंचवट्यासारखा बाहेर आलेला असेल तर तेवढा भाग टेबलाच्या कडेबाहेर राहू द्या. हात काढा, दहा-पंधरा सेकंद रेकॉर्ड करा आणि सरासरी लिहून घ्या. मग स्क्रीन खाली करून तेच. त्यानंतर दोन्ही लांब कडांवर आणि दोन्ही आखूड कडांवर, जाड पुस्तकाला टेकवून. बटणं खाली येतील त्या बाजूला बटणाच्या दोन्हीकडे पुठ्ठ्याचा तुकडा द्या.

एक उदाहरण घेऊ. स्क्रीन वर असताना आरपार अक्षावर ९.८७ आणि खाली असताना उणे ९.७३ मीटर प्रति सेकंद वर्ग आलं. दोन्हींची बेरीज ०.१४, तिची निम्मी ०.०७. ही त्या अक्षाची कायमची चूक, म्हणजे सुमारे ०.००७ जी. दोन्हींतला फरक १९.६०, त्याचा निम्मा ९.८०. पुण्यात गुरुत्वाकर्षण ९.७८ च्या आसपास भरतं, तेव्हा मापाची पट्टीही जवळपास अचूक आहे. (९.८०६६५ हा प्रमाण आकडा आहे. आपण विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून उंचावर, म्हणून आपल्याकडे थोडं कमी. ओव्हरलेसाठी हा फरक सोडून द्यायला हरकत नाही.)

टेबल तंतोतंत सपाट नसलं तरी चालतं. उभ्या अक्षावर २ अंशांच्या उताराचा परिणाम हजारात एकापेक्षाही कमी असतो. आडव्या अक्षांवर तो मोठा दिसतो, म्हणून प्रत्येक अक्षाची चूक तो अक्ष वर-खाली असतानाच काढायची.

०.०२ ते ०.०४ जीपर्यंतची चूक फोनमध्ये सर्रास आढळते आणि ती वजा करता येते. एखाद्या अक्षावर ०.१ जीच्या वर आली तर फोन पडलेला आहे का, कव्हरमध्ये काही अडकलंय का, ते बघा. ही चूक तापमानाबरोबर थोडी सरकते. म्हणून शक्य तर चाचणी फोन गरम असताना, पाच-दहा मिनिटं व्हिडिओ रेकॉर्ड करून झाल्यावर पुन्हा एकदा करा. ट्रॅकवर तो गरमच असणार आहे.

पायरी ३: फोन बसवणं

इथे घाई करू नका. उत्तम सेन्सर डुगडुगणाऱ्या दांडीवर लावला तर तो दांडीचा प्रवेग मोजतो.

काचेला चिकटणारे लांब हाताचे माउंट व्हिडिओसाठी सोयीचे, पण मोजमापासाठी वाईट. त्यांची स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवरून) गेलं की ते काही काळ हलतच राहतात. फोन जितका गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जवळ आणि जितका आखूड आधारावर, तितकं बरं. मी मोजायचा फोन गिअर लिव्हरच्या मागे, बोगद्यासारख्या उंचवट्यावर सपाट बसवतो आणि चित्रणासाठी वेगळा कॅमेरा लावतो. जुना फोन घरात पडून असेल तर त्याला हे काम द्या.

ती जागा निवडण्याचं कारण आहे. बहुतेक गाड्यांचा गुरुत्वमध्य हँडब्रेकच्या आसपास येतो. त्याच्यापासून लांबचा फोन गाडी फिरतानाचा जादा प्रवेगही मोजतो. ८ मीटर त्रिज्येच्या केसपिनीसारख्या वळणावर ताशी ३० किमीने गेलात तर गाडी सेकंदाला साधारण ६० अंश फिरते. तेव्हा गुरुत्वमध्यापासून १ मीटर पुढे, काचेवर लावलेला फोन ०.११ जी एवढं खोटं ब्रेकिंग दाखवतो. पाय ब्रेकवर नसतानाही! वेगवान, मोठ्या वळणांवर हाच परिणाम नगण्य होतो.

इंजिनाची थरथर हा वेगळा विषय. चार सिलिंडरचं इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला २०० वेळा मुख्य कंप देतं. ॲप सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर प्रत्येक नोंद कंपनाच्या त्याच टप्प्यावर पडू शकते. मग थरथर थरथरीसारखी न दिसता एक स्थिर, खोटा प्रवेग म्हणून दिसते. ६०३० आरपीएमला सेकंदाला एकदा वर-खाली होणारी लाट म्हणून दिसते. चिपमध्ये हे रोखणारी गाळणी असते, पण ती पुरेशी असेलच असं नाही. तपासायला सोपं आहे: गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, आणि हळूहळू आरपीएम वाढवत रेकॉर्ड करा. सरासरी कुठल्याही आरपीएमला जागची हलली तर माउंटखाली दाट फोमचा पातळ थर द्या आणि पुन्हा बघा. मऊ, जाड फोम नको. तो थरथर थांबवतो, पण फोन वळणात डुलू लागतो.

फोन सुटला तर काय होईल याचा विचार आधी करा. ब्रेकिंगमध्ये सुटलेला फोन पेडलखाली जाऊ शकतो. चिकटपट्टीशिवाय दुसरी दोरी किंवा पट्टा हवाच. बऱ्याच ट्रॅकवर तपासणीच्या वेळी हे बघतात, तेव्हा आयोजकांचा नियम आधी विचारून घ्या.

फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका आणि व्हायब्रेशन बंद करा. एक मेसेज आला की फोनची मोटर फिरते आणि आलेखावर काटा उमटतो. उन्हाचंही बघा: ॲपल आयफोनसाठी ३५ अंशांपर्यंतचं हवामान धरतं, आणि चेन्नईजवळच्या ट्रॅकवर दुपारी बंद गाडीतलं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. तापलेला फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग नोंदींमध्ये खंड पडतात, शेवटी रेकॉर्डिंग थांबतं.

आता दिशा जुळवणं. ॲपमधलं कॅलिब्रेशनचं बटण गाडी सपाट जागेवर असताना दाबायचं. पण सपाट जागा मिळणं कठीण. वर्कशॉपची, पेट्रोल पंपाची, पिटची फरशी पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतरती असते. त्यावर उपाय असा: चालकाला सीटवर बसवा, आकडे लिहा, गाडी त्याच जागी उलट तोंडाने उभी करा, पुन्हा लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे सपाट जमिनीवरचा आकडा. यातून फोनचा कल कळतो. तो डावी-उजवीकडे वळलेला आहे का, हे मात्र उभ्या गाडीत कळत नाही. त्यासाठी ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर जोरात ब्रेक मारून बघा. फोन ५ अंश वळलेला असेल तर १ जी ब्रेकिंगमध्ये ०.०९ जी खोटं वळण दिसेल. ठिपका सरळ रेषेत जाईपर्यंत फोन फिरवा.

पायरी ४: वळणातली खरी अडचण

या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि ॲपच्या मदतपानांवर ती क्वचितच नीट समजावलेली असते.

आधी कच्चा आकडा वापरणारी पद्धत घ्या. ती समजून चालते की कॅलिब्रेशनच्या वेळी "खाली" जिकडे होतं तिकडेच ते राहतं. पण गाडी वळणात बाहेरच्या बाजूला कलते आणि तिच्यासोबत फोनही. गुरुत्वाकर्षणाचा तुकडा आडव्या अक्षात येतो, आणि तो नेहमी आकडा वाढवणाऱ्या दिशेनेच येतो. साधी गाडी १ जीला ५ अंश कलते असं धरू. खरा आडवा प्रवेग ०.९० जी असेल तर गाडी ४.५ अंश कलली आणि फोन सुमारे ०.९८ दाखवेल. आठ टक्के फुकटचे. ब्रेक मारताना नाक खाली जातं, तेव्हाही तेच; जोरात निघताना शेपूट बसते, तेव्हाही तेच. म्हणजे मऊ सस्पेन्शनची गाडी व्हिडिओत जास्त जी दाखवते. स्प्रिंगा कडक केल्यावर आकडा उतरला म्हणून कुणी सेटअप परत बदलत असेल तर त्याने आधी हे तपासावं. गो-कार्टला सस्पेन्शनच नसल्यामुळे तिथे ही चूक जवळपास नसते, पण थरथर मात्र भयंकर असते.

आता जायरोसह काढलेला प्रवेग. फोनचं सॉफ्टवेअर जायरोच्या मदतीने फोन किती कलला ते ओळखतं आणि "खाली" कुठे ते सुधारत राहतं. झटपट हालचालींत हे छान चालतं. पण जायरो हळूहळू भरकटतो, म्हणून सॉफ्टवेअर त्याला अधूनमधून ॲक्सेलरोमीटरकडे बघून ताळ्यावर आणतं. त्यामागचं गृहीतक असं की थोड्या वेळाची सरासरी काढली तर ॲक्सेलरोमीटरला जाणवणारी दिशा म्हणजेच गुरुत्वाकर्षण. हातातल्या फोनसाठी ते खरं आहे. लांबलचक वळणातल्या गाडीसाठी नाही.

बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मागच्या लांब सरळ रस्त्यानंतर काही वळणांनी येणारा १०-११ चा उजवा पट्टा याचं चांगलं उदाहरण. गाडी कित्येक सेकंद एकाच बाजूला दाबलेली असते. व्हिडिओत वेग आणि स्टिअरिंग जवळपास स्थिर, पण ठिपका हळूहळू मध्याकडे सरकत येतो. पाहणाऱ्याला वाटतं चालकाने ग्रिप वापरली नाही. खरं तर सॉफ्टवेअर वळणाचा प्रवेगच गुरुत्वाकर्षण समजून बसलेलं असतं. त्याचा पुरावा वळण संपताच दिसतो: गाडी सरळ झाली तरी ठिपका काही क्षण विरुद्ध बाजूला उडी मारतो, कारण "खाली" ही दिशा आता तिरकी ठरलेली असते. तुमच्या व्हिडिओत ही उलटी उडी दिसली की त्या वळणाचा आकडा धरू नका.

तेव्हा रीत अशी. छोट्या, झटपट वळणांसाठी जायरोसहचा आकडा बघा. लांब वळणासाठी कच्चा आकडा घ्या आणि त्यातून गाडीच्या कलण्याचा अंदाज वजा करा. आणि दोन्हींची उलटतपासणी पुढच्या पायरीने करा.

उताराचंही विसरू नका. चढावर एकसारख्या वेगाने जाणारी गाडीही कच्च्या आकड्यात प्रवेग दाखवते. बाहेरची कड उचललेल्या वळणात उलट होतं, आकडा कमी येतो. पिथमपूरच्या नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तशा उचललेल्या ट्रॅकवर ठरावीक वेगाला आडवा अक्ष शून्य दाखवतो, गाडी वळत असूनही. सेन्सर तिथे अचूकच असतो. तो बल मोजतो, वळण मोजत नाही.

पायरी ५: दुसऱ्या मापाने पडताळा

डेटा सीएसव्हीमध्ये (स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) बाहेर काढा. सगळ्यात आधी वेळेचा रकाना बघा: सेकंदाला खरोखर किती नोंदी आल्या आणि मध्ये भगदाडं आहेत का. जाहिरातीतला आकडा आणि फाइलमधला आकडा सारखे असतीलच असं नाही. ॲन्ड्रॉइड १२ पासून विशेष परवानगी नसलेल्या ॲपला सेकंदाला २०० च नोंदी मिळतात. आपल्याला तेवढ्याही लागत नाहीत, पण त्या अखंड हव्यात.

ब्रेकिंगचा पडताळा सोपा. जीपीएसचा वेग १२० वरून ६० वर यायला २ सेकंद लागले, तर ताशी ६० किमी म्हणजे १६.७ मीटर प्रति सेकंद. २ ने भागून ८.३, म्हणजे ०.८५ जी. त्या २ सेकंदांतली ॲक्सेलरोमीटरची सरासरी याच्या ०.०५ च्या आत यायला हवी. जास्त आली तर नाक खाली जाण्याचा किंवा दिशा न जुळल्याचा संशय घ्या.

वळणासाठी वेग गुणिले जायरोचा फिरण्याचा दर. ताशी ९० किमी म्हणजे २५ मीटर प्रति सेकंद. जायरो सेकंदाला २० अंश, म्हणजे ०.३४९ रेडियन दाखवत असेल तर गुणाकार ८.७, म्हणजे ०.८९ जी. यात गुरुत्वाकर्षण कुठेच येत नाही, म्हणून कलण्याची चूकही जवळपास येत नाही. गाडी घसरत नसेल तर ओव्हरलेसाठी मला हाच आकडा सर्वांत भरवशाचा वाटतो.

पण फोनचं स्वतःचं जीपीएस बहुधा सेकंदाला एकच नोंद देतं. ताशी १८० किमीला दोन नोंदींत ५० मीटर जातात. लांब वळणाची सरासरी त्यातून मिळते, ब्रेकिंगचा नेमका शिखरबिंदू मिळत नाही.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खणखणीत पडताळा म्हणजे वर्तुळ. मैदानावर खुंटी आणि दोरीने वर्तुळ आखा, कोन ठेवा, एकसारख्या वेगाने फेऱ्या मारा आणि घड्याळ लावा. आडवा प्रवेग म्हणजे ३९.४८ गुणिले त्रिज्या भागिले फेरीच्या वेळेचा वर्ग. १५ मीटर त्रिज्या आणि ८.५ सेकंदांची फेरी असेल तर ८.२, म्हणजे ०.८४ जी. इथे जीपीएस नाही, ॲप नाही. फक्त टेप आणि घड्याळ. त्रिज्या गाडीच्या मध्यापर्यंत मोजा.

फॉर्म्युला भारत या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांकडे हे आयतंच असतं. फॉर्म्युला स्टुडंटच्या स्किडपॅडचं (वर्तुळात फिरायच्या चाचणीचं) आतलं वर्तुळ १५.२५ मीटर आणि बाहेरचं २१.२५ मीटर व्यासाचं, म्हणजे मधली त्रिज्या ९.१२५ मीटर. ५.५ सेकंदांची फेरी म्हणजे १.२१ जी. पोरांनो, डॅम्परची सेटिंग बदलण्याआधी फोनचा आकडा या आकड्याशी लावून बघा. डावीकडच्या आणि उजवीकडच्या वर्तुळात फरक आला तर तो गाडीचा की फोन तिरका बसल्याचा, हे फोन उलटा बसवून लगेच कळतं.

आणि शेवटी अंदाजाची चाळणी. रस्त्यावरच्या टायरांची कोरड्या डांबरावरची पकड साधारण ०.९ ते १ जी, चांगल्या स्पोर्ट टायरची थोडी वर. ताशी १०० वरून ४० मीटरमध्ये थांबणारी गाडी सरासरी ०.९८ जी वापरते. ० ते १०० ला १२ सेकंद घेणाऱ्या हॅचबॅकची सरासरी ०.२४ जी. फॉर्म्युला वन ५ जीच्या गोष्टी करते ती पंखांनी दाबलेल्या हवेच्या जोरावर; आपल्या गाडीला ते पंख नाहीत. ॲपचा "सर्वाधिक जी" हा रकाना तर सरळ बाजूला ठेवा. तो बहुतेक कर्बवरचा एक धक्का असतो.

पायरी ६: गाळणी आणि व्हिडिओची जुळणी

चालकाच्या हालचाली सेकंदाला दोन-तीन वेळांपेक्षा जलद नसतात. त्यामुळे ३ ते ५ हर्ट्झच्या वरचं सगळं गाळलं तरी गाडीबद्दलची माहिती शाबूत राहते. पण ॲपमधली "स्मूदिंग"ची पट्टी पुढे ढकलताना एक किंमत मोजावी लागते. मागच्या अर्ध्या सेकंदाची सरासरी घेणारी गाळणी पाव सेकंद उशिरा बोलते. ताशी १५० किमीला पाव सेकंदात गाडी १० मीटर पुढे जाते. व्हिडिओत ब्रेक मारायची जागा दाखवणारा बोर्ड मागे गेला आणि मग ठिपका हलला, तर चालक उशिरा ब्रेक मारतो असा खोटा निष्कर्ष निघतो. डेटा नंतर संगणकावर गाळणार असाल तर एकदा पुढून आणि एकदा मागून गाळा, उशीर उरत नाही.

वेगळ्या कॅमेऱ्याशी जुळणी करताना सत्राच्या सुरुवातीला कॅमेऱ्याला दिसेल असं फोनवर बोटाने तीन टिचक्या मारा. आलेखावर तीन काटे उमटतात, व्हिडिओत बोट दिसतं आणि आवाजही येतो. रेसरेंडरसारख्या प्रोग्राममध्ये दोन्ही एका रेषेत आणा. पिटमध्ये परतल्यावर पुन्हा तीन टिचक्या. सुरुवात जुळली पण शेवट सरकला, तर बहुधा फोनने व्हिडिओ बदलत्या फ्रेमदराने घेतलेला असतो. आधी तो स्थिर ३० किंवा ६० फ्रेममध्ये बदलून घ्या.

ठिपक्याची दिशाही तपासा. काही ॲप्स गाडीचा प्रवेग दाखवतात, काही अंगाला जाणवणारा झोक. डाव्या वळणात एकात ठिपका डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. दोन मित्रांचे व्हिडिओ शेजारी लावण्याआधी हे बघितलंच पाहिजे.

मोटारसायकलवाल्यांसाठी

मद्रास इंटरनॅशनल सर्किट असो की कोइंबतूरचा कारी, आपल्याकडे ट्रॅकवर बाइक जास्त येतात आणि त्यांच्यासाठी वरची बरीच गणितं बदलतात. बाइक वळणात आत झुकते आणि एकूण बल जवळपास तिच्या उभ्या अक्षावरच येतं. ४५ अंश झुकलेल्या बाइकचा आडवा प्रवेग १ जी असतो, पण टाकीवरचा फोन आडव्या अक्षावर शून्याजवळ आणि उभ्या अक्षावर १.४१ जी दाखवतो. म्हणून बाइकवर ॲक्सेलरोमीटरचा आडवा जी कधीच वापरू नका. जीपीएसवरून काढलेला वापरा. फक्त ॲक्सेलरोमीटरवरून झुकण्याचा कोन काढणारं ॲपही याच कारणाने निरर्थक. त्याला बाइक सरळ उभीच वाटते. ब्रेकिंगचा आकडा मात्र कामाचा असतो, नाक खाली जाण्याची सूट धरून.

सिंगल सिलिंडरची थरथर फोनच्या कॅमेऱ्यालाही बाधते. मोठ्या इंजिनांच्या मोटारसायकलींच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या लेन्स-स्थिरीकरणाची आणि ऑटोफोकसची कामगिरी घसरू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं आहे. रोजच्या वापरातला फोन हँडलला लावू नका.

बाहेरचं उपकरण केव्हा घ्यावं

० ते १०० ची वेळ, क्वार्टर माइल किंवा वेग मोजायचा असेल तर फोनचा ॲक्सेलरोमीटर चुकूनही वापरू नका. प्रवेगावरून वेग काढताना छोटी चूक दर सेकंदाला साचत जाते: ०.०२ जीची चूक १० सेकंदांत ताशी ७ किमी होते. त्यासाठी जलद जीपीएस हवं. ड्रॅगीचं मूळ मॉडेल सेकंदाला १० नोंदी देतं, रेसबॉक्स मिनी २५. रेसबॉक्स ब्लूटूथने रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमरला जोडता येतं, आणि फोनचा स्वतःचा सेन्सर मग फक्त जायरोपुरता वापरता येतो. संघांकडे असणारे रेसलॉजिकचे व्हीबॉक्स याच तत्त्वावर चालतात, फक्त जास्त काटेकोर आणि कितीतरी महाग.

रिसीव्हर आकाश दिसेल अशा जागी ठेवा, सत्राआधी पाच मिनिटं सुरू ठेवून उपग्रह स्थिर होऊ द्या. त्यातही ॲक्सेलरोमीटर असतोच. त्याचे आकडे ओव्हरलेवर घेणार असाल तर बसवण्याआधी टेबलावरची सहा बाजूंची चाचणी त्याचीही करा, आणि माउंट बदललं की दिशा पुन्हा जुळवा.